याकोबकाकांची गाडी आणि काकूंचा पाय

आमच्या शेजारचे याकोबकाका मोटरसायकल चालवतात. थांबवतात मात्र मार्थाकाकू.

खोटं वाटत असेल तर बाजाराच्या दिवशी आमच्या श्रीरामपुरात या आणि चौकात उभे राहा. लांबून एक धिप्पाड गाडी येईल. हँडलच्या वर नुसतं हेल्मेट दिसेल. ते हेल्मेट म्हणजे काका. मागे एका अंगाला बसलेली उंचच उंच बाई म्हणजे काकू. गर्दीत गाडी अडली की हेल्मेटातून आवाज येतो, "मार्था, पाय!" काकू डावा पाय सटकन खाली टेकवतात, गाडी त्यांच्या बाजूला कलते, आणि काका ऐटीत इकडेतिकडे बघत बसतात. त्यांचे स्वतःचे दोन्ही पाय हवेत, जमिनीपासून चांगले वीतभर वर.

उंचीचा विषय काढायची सोय नाही. "मी बुटका न्हाई बाई," मला ते सांगतात, "आपल्या गावची जमीनच जरा खोल हाय."

काकांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाच्या गाड्या मोजून मोजून माणसाला मापाचं वेड लागलं. चहा आवडला तर "मापात हाय." जावई? "मापात हाय." रविवारी चर्चमध्ये प्रवचन लांबलं की बाहेर येऊन पहिलं वाक्य, "आज माप सुटलं." आणि हेच माप शोधत त्यांनी आयुष्यभर गाड्या बदलल्या.

पहिली लग्नानंतर लगेच घेतली. सेकंडहँड, काळी, आणि आवाज असा की काका कारखान्यातून निघाले की काकू इकडे तव्यावर भाकरी टाकायच्या. किक मारायला काका ओट्यावर चढायचे. दुसरी लाल होती. तिनं काकूंचा पदर दोनदा चाकात ओढला. तिसऱ्यांदा ओढायच्या आत काकांनी ती विकून टाकली. तिसरीवर काकूंचे गुडघे पार हनुवटीला लागायचे. "माप चुकलं," म्हणून तीही गेली.

दुकानात काका कधी इंजिन विचारत नसत, अॅव्हरेज विचारत नसत. आधी काकूंना मागे बसवायचे, मग स्वतः चढायचे आणि भर दुकानात ओरडायचे, "मार्था, पाय!" एकदा तिथला पोरगा आदबीनं म्हणाला, "काका, तुमचा पाय पुरतोय का ते बघा ना." काका खवळले. "माझा पाय गिअरसाठी हाय. जमिनीशी माझा काय संबंध?"

चौथ्या गाडीनं मात्र इज्जतच काढली. पुतण्याच्या नादी लागून काकांनी तरण्या पोरांची गाडी उचलली, मागची सीट पार उंच असलेली. त्या दिवशी नेमके काका घाईत होते. दुकानातली परीक्षा राहिली. थेट भाजीबाजारात आले आणि ओरडले, "मार्था, पाय!" काकूंनी पाय सोडला. पाय खाली गेला, अजून खाली गेला, पण जमीन काही येईना. दोघंही हवेत, गाडी उभी, आणि मग सगळं लटांबर सावकाश मेथीच्या ढिगावर आडवं झालं. मेथीवाली अशी काही ओरडली की अर्धा बाजार गोळा झाला. काका ढिगातून उठले, अंगावरची पानं झटकली आणि एवढंच म्हणाले, "हिला पाय पुरंना. परत करा."

पाचवी मापात बसली. तीच टिकली.

बरं, काकू बरोबर नसल्या तर? तर काका घरच्या ओट्यावरून चढतात ते परत ओट्याशी येईपर्यंत थांबतच नाहीत. किराणा दुकानासमोरून पहिल्या फेरीत "किलोभर गूळ!" असं ओरडतात, चौकाला वळसा घालतात आणि दुसऱ्या फेरीत चालत्या गाडीवरून पिशवी घेतात. पैसे तिसऱ्या फेरीला. मी शाळेत शिकवते आणि माझ्याकडे बुटकी स्कूटर आहे. चांगली गुणी गाडी आहे. मी त्यांना किती वेळा म्हटलं, अशी एखादी घ्या, पाय टेकतील, जीव वाचेल. तर म्हणे, "असल्या खेळण्यावर मी बसू व्हय?" माझा असा संताप व्हायचा! एवढासा माणूस आणि ऐट बघा, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलंय.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, फिरा, बसा, पण या पायावर एकदम भार द्यायचा नाही. झालं. गाडीवर ताडपत्री पडली. काकू काठी घेऊन अंगणात येरझारा घालायच्या आणि काका ओट्यावर बसून उगाच पेपर उलटा-सुलटा करायचे. त्यांची मुलगी रिक्षा लावून देत होती, पण काकू चर्चलासुद्धा जाईनात.

एक दिवस मी खरवस घेऊन गेले, तर काकू रडत बसलेल्या. म्हणाल्या, "दुखणं सोसतंय गं. पण यांना आता माझा काय उपयोग? पाय हुता तवर मी हुते."

मी काय गप्प बसणारी नव्हे. जसंच्या तसं काकांच्या कानावर घातलं. वाटलं, काहीतरी वाकडं बोलतील. तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात उभे. "बाई, ते खेळणं जरा द्या. आन् शाळेच्या मैदानावर चला. हितं नको, मार्था बघंल."

मैदानावर काका स्कूटरवर बसले. दोन्ही पाय जमिनीला लागले, टाचांसकट. मी हसायच्या तयारीतच होते. पण काका खाली पायांकडे बघत राहिले.

"असल्या गाडीचं मला वावडं नव्हतं, बाई."

"मग इतकी वर्षं काय केलंत हे?"

"आमच्या लग्नात लोक लई हसली. नवरा एवढासा आन् नवरी खांब. मला हसली त्याचं काय न्हाई, मला सवय हाय. पण मार्था वाकून चालाया लागली. माझ्यासंगं निघाली की मान खाली, पाठीला पोक. फोटोत बी वाकूनच. मग म्या मुद्दाम उंच गाडी घेतली. म्हटलं, आता हिची उंची मला लागंल. पाय पुरवायचा तर ताठच बसावं लागतं, वाकून न्हाई जमत."

या माणसाला मी ऐटबाज म्हणत होते!

"आता हिच्यावर माझं मला टेकतंय," काका हळूच म्हणाले. "मार्थाला काय सांगू?"

ते स्कूटरवरून उतरले आणि किल्ली मला परत दिली.

पुढच्या रविवारी सकाळी काकांनी नवी कोरी स्कूटर अंगणात आणून लावली. काकू काठी टेकत दारात आल्या, गाडी बघितली, गाडीवर बसलेल्या काकांचे जमिनीला टेकलेले पाय बघितले. चेहरा पडला. "तुमचं तुम्हाला टेकतंय की. मग मला कशाला नेता?"

काकांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. "थांबाया मला आता कुणी लागत न्हाई, मार्था," ते म्हणाले. "जायाला लागतं."

काकूंनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. मग काठी भिंतीला लावली आणि म्हणाल्या, "सरका म्होरं. निम्मी सीट तुमीच अडवलीया."

काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्या सावकाश बसल्या आणि दोघं गेले. मी फाटकाशी उभी राहून ढसाढसा रडले. आमचे हे बाहेर आले. "अगं, काय झालं?"

"काही नाही," म्हटलं. "आधी शर्ट घाला. मला कुठंतरी घेऊन चला."