मसुराएवढी चामखीळ

"डॉक्टर? एवढ्याशा चामखिळीला? अगं, आठ दिवसांत घरीच घालवतो!"

विमा कंपनीतले अधिकारी नंदकिशोरराव यांनी उजवा अंगठा नाचवत जाहीर केलं. अंगठ्याच्या ऐन मध्यावर अख्ख्या मसुराएवढी चामखीळ वर्षभर ठाण मांडून बसली होती.

"अहो, ती विषाणूनं होते. कुरतडू नका, कापू नका आणि माझ्या टॉवेलला तर हातच लावू नका!" जयंतीबाई म्हणाल्या. त्यांचं अर्धं लक्ष सांगलीत होतं. तिथे आई एकटी होती, आणि नंदकिशोररावांचा तिकडे बदलीचा अर्ज चार वर्षं जयपूरच्या ऑफिसातच लोळत पडला होता.

आधी लसूण ठेचून बांधली. बनी पार्कातली कुत्रीसुद्धा रस्ता बदलू लागली! मग रुईचा चीक. अंगठा असा पोळला, की तो वर धरूनच ते हिंडत. रिक्षावाले भराभर थांबत! शेवटी शेजारच्या पार्वतीबाई म्हणाल्या, घोड्याचा केस बांधा. लग्नसराई होतीच. नंदकिशोररावांनी वरातीतल्या घोडीच्या शेपटीला हात घातला. नवरदेव खाली आला नाही, हे त्याचं नशीब.

जयंतीबाईंनी मग त्यांना धरून सी-स्कीममधल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गार फवाऱ्याच्या तीन खेपांत, महिन्याच्या अखेरच्या संध्याकाळी, चामखीळ गळाली. त्याच आठवड्यात नव्या साहेबांनी फर्मान काढलं: येत्या महिन्यात ज्याच्या हजेरीला एकही लाल शेरा नसेल, त्याचीच बदलीची शिफारस!

पहिल्या तारखेला नंदकिशोररावांनी गुळगुळीत अंगठा ऐटीत हजेरीच्या मशीनवर टेकवला.

"प्लीज ट्राय अगेन!"

पुसला, फुंकला, पुन्हा टेकवला. तेच!

"सर, मशीन लगी तब मस्सा था ना?" हजेरी सांभाळणारा गोपीनाथ हळहळला. "आपका मस्सा ही दर्ज है. नया अंगूठा दिल्ली से होगा. महीना लगेगा."

शेरा पडायला पाच मिनिटं होती. सांगली डोळ्यांदेखत निसटत होती! नंदकिशोरराव खालच्या किराणा दुकानात धावले, मूठभर अख्खा मसूर घेतला, एक दाणा डिंकानं अंगठ्यावर चिकटवला आणि डोळे मिटून अंगठा मशीनवर ठेवला.

"थँक्यू!"

महिनाभर रोज एक दाणा. एकही लाल शेरा नाही! अखेरच्या दिवशी साहेबांनी शिफारशीवर सही केली आणि "बधाई हो!" म्हणत हात घट्ट दाबला. हात सुटला तेव्हा नंदकिशोररावांचा अंगठा स्वच्छ होता, आणि साहेबांच्या तळव्यावर मसूर.

साहेबांनी तळवा पाहिला. चेहरा उतरला. मूठ चटकन खिशात गेली.

खरं सांगावं, तर सांगली जाते! नंदकिशोरराव कसेबसे म्हणाले, "सर, डॉक्टर को दिखा लीजिए."

"डॉक्टर? इतने से मस्से के लिए?" साहेब ताठ झाले. "घर पे ही ठीक कर लेंगे!"

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमधून लसणीचा वास येत होता.