दर्याबाईंनी मुलांसाठी पोथी निवडिली, त्याची हकीकत

श्रीशारदा वाचेस बळ देवो. शके सोळाशे सत्त्याण्णव, मन्मथनाम संवत्सर, ते साली एका राज्यात जे वर्तले ते ऐकिल्याप्रमाणे लिहिले, येणेप्रमाणे.

त्या राज्याचे थोरले युवराज हैबतराव एकोणिसावे वर्षी घाटाखालच्या लढाईत घोड्यावरून पडोन कामी आले, आणि राणीसाहेबांनी राजवाड्यात ताकीद दिली की युवराजांचे नाव कोणी काढू नये. मग मागे राहिली दोन लेकरे, चौदा वर्षांच्या गुणवंताबाई आणि बारा वर्षांचे मानाजी, ती हसेनात, रडेनात, वाढिले पान तसेच टाकोन उठू लागली. तेव्हा राणीसाहेबांनी आपली नणंद दर्याबाई यांस बोलाविले. बाई बाळविधवा, वाचनात निपुण, कंठ गोड, आणि हैबतरावांस त्यांनीच अंगाखांद्यावर वाढविलेले. राणीसाहेब बोलिल्या, "वन्सं, रोज तिसरे प्रहरी मुलांस काही वाचोन दाखवावे. मात्र ज्यात मरण आहे ती पोथी नको."

आज्ञा घेऊन बाई पुस्तकशाळेत गेल्या आणि आठ दिवस पोथ्या सोडोन पाहिल्या. लढायांची बाजूस ठेविली, राजांची ठेविली, प्रीतीची उघडिली तो तीतही कोणी झुरोन गेलेले. आणि एकेक पोथी फडक्यात बांधिताना बाईंस वाटे की आपण हैबतरावांसच पुन्हा गुंडाळून ठेवितो, आणि हे बोलावे तरी कोणापाशी? अखेर हाती उरल्या चिमणीपाखरांच्या गोष्टी, एक अश्वपरीक्षा आणि एक पाकशास्त्र. पहिले दिवशी चिमणी वाचिली, तो मानाजी बोलिले, "आत्यासाहेब, ही आम्ही दुधाच्या दातांचे होतो तेव्हा ऐकिली." दुसरे दिवशी घोड्यांची लक्षणे काढिली, तो घोड्याचे नाव निघताच मुलाचे तोंड उतरले, बाईंनी पान मिटिले. तिसरे दिवशी लोणच्यांचे प्रकार चालिले असता गुणवंताबाई उठोन बोलिल्या, "लोणच्यात दादासाहेब नाहीत, म्हणोन आम्ही त्यांस विसरू काय? आम्ही आता लहान नाही. खरे असेल ते वाचा."

बाईंनी पाकशास्त्र बांधोन ठेविले. मग पुढले दिवशी त्यांनी बाजूस ठेविलेल्यांतून एका नावाड्याची कथा आणिली. नावाड्याचे तीन पुत्र, थोरला पुरात लोकांस उतरविता उतरविता स्वतः वाहोन गेला. तेथवर आल्या, तरी बाई थांबल्या नाहीत. आणि मानाजी आठ महिन्यांत प्रथम रडिले, बहिणीच्या मांडीत तोंड खुपसोन "दादा, दादा" ऐसे मोठ्याने रडिले. तो आवाज ऐकोन राणीसाहेब स्वतः आल्या, पोथी हिसकोन घेतली आणि बोलिल्या, "तुम्हांस एवढेच सांगितले होते! आजपासोन वाचन बंद." दर्याबाई बोलिल्या, "वहिनीसाहेब, चूक माझी. पण ज्यात मरण नाही आणि जी मोठ्या मुलांस पुरेल, ऐसी पोथी मज सापडली नाही." राणीसाहेब पोथी घेऊन गेल्या.

तीन दिवस वाचन झाले नाही. चौथे दिवशी दुपारी राणीसाहेबांनी नणंदेस आपले महाली बोलाविले. पोथी त्यांचे उशाशी होती, मानाजी रडिले त्याच पानावर उघडी, पुढचे पान त्यांच्याने उलटवले नव्हते. राणीसाहेबांनी हळूच पुसिले, "वन्सं, त्या पोराची आई... तिने पुढे काय केले?"

दर्याबाई बोलिल्या, "तीन दिवस नदीकाठी बसोन राहिली. मग घरी आली, चूल पेटविली आणि दोघा धाकट्यांस जेवू घातले. जेविताना थोरल्याच्या गोष्टी सांगितल्या."

तेव्हा राणीसाहेबांनी वन्संचा हात धरिला आणि "माझा हैबती" म्हणोन हंबरडा फोडिला, आणि दोघी एकमेकींस धरोन दिवस मावळेतो रडिल्या.

तात्पर्य, पुढे वाचन चालिले, पोथी गुणवंताबाई निवडीत आणि राणीसाहेब मुलांजवळ बसोन ऐकत. दुःख गेले नाही. पण ते चौघांत वाटिले गेले. हे त्या राज्याचे वृत्त, इतके.