वशिंडी अंगरख्याचे झिंगराजी

झिंगराजी शिंपी गिऱ्हाइकाचं माप घ्यायच्या आधी त्याला चालवून बघायचे. अंगणात दोन फेऱ्या, एकदा डावीकडं वळण, एकदा उजवीकडं, आणि मग पाठीवर सणसणीत थाप. थापेनं माणूस किती दचकतो त्यावरून कापड किती सैल सोडायचं ते ठरायचं. एखादा फारच बावरला तर त्याच्या पाठीवरून हात फिरवत "हो, हो, हो" करायचे आणि माझ्याकडं वळून सांगायचे, "कासारबुवा, खांद्याले भरला हाय. पण मारका हाय."

मी नथ्थू कासार. अमरावतीत त्यांची आणि माझी भिंत एकच. माझा धंदा बांगड्या भरायचा. बायकांचे हात धरून पोट भरतो असं माझी बायको चारचौघींत सांगते, आणि मी हसून घेतो, कारण खोटं काही नाही त्यात. सांगायचं एवढंच की दारोदार फिरणारा माणूस मी, तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली. पण झिंगराजी ते झिंगराजीच.

त्यांना ही खोड बैलांपासून लागली. उमर गेली पोळ्याच्या झुली शिवण्यात. बैल काही सुतळी लावून माप देत नाही. तो शेपूट मारतो, नाहीतर लाथ. म्हणून झिंगराजी नजरेनं माप घ्यायला शिकले. गोठ्याच्या दारातून एकदा बघायचं, थाप मारायची, दात बघायचे, की संपलं. झूल अशी बसायची की बैलाच्या अंगावरच उगवली म्हणावी. आणि मानेमागं वशिंडाला जागा सोडायला ते झोपेतसुद्धा विसरले नसते.

मग ते कापसाचं साल आलं. सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत कुणाची तरी भाऊबंदकी पेटली, इंग्रजांच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव चढला. भांडण त्यांचं, दिवाळी आमची. काल सदऱ्याला ठिगळ लावणारा माणूस आज बैलाच्या शिंगांना चांदी चढवून फिरायला लागला. तिवश्याकडच्या एका बहाद्दरानं तर म्हशीला पागोटं बांधलं. म्हशीनं ते खाल्लं, ती गोष्ट वेगळी.

त्या पोळ्याला आमच्या थोरल्या शेठच्या बैलांना मखमलीच्या झुली झाल्या. शिवणारे अर्थात झिंगराजी. मिरवणूक निघाली आणि घोटाळा झाला. बैलाच्या अंगावर मखमल, शेठच्या अंगावर मांजरपाट. लोक रामराम करायचे ते बैलाला. शेठ तणतणत झिंगराजींच्या दारी आले आणि म्हणाले, "मले बी याच कापडाचा अंगरखा शिवून द्या."

झिंगराजींनी शेठला अंगणात चालवलं, थाप मारली, ओठ उचलून दात बघितले. तिसऱ्या दिवशी अंगरखा तयार. शेठनं घातला, आणि त्यांच्या मानेमागं भरताच्या वांग्याएवढा एक फुगा लोंबायला लागला.

"हे काय हो?" शेठ म्हणाले.

सवयीनं हात गेला होता, दुसरं काय. पण झिंगराजी चूक कबूल करतील तर शपथ. शिवणाला कुणी बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. एकदा गुंडी ढिली आहे म्हणणाऱ्या माणसाला त्यांनी अंगरख्यासकट रस्त्यावर काढला होता. ते शांतपणे म्हणाले, "शेठजी, हे वशिंड हाय. भरल्या घरचं जनावर वशिंडावरूनच ओळखू येते."

शेठनं क्षणभर विचार केला. बोलणं त्यांना पटलं. घरी जाऊन त्या फुग्यात त्यांनी मूठभर सरकी काढलेला कापूस भरला आणि ताठ मानेनं बाजारात गेले. ताठ मानेनं जाणं भागच होतं, मागं वाकवता येत नव्हती ना.

झालं. दिवाळीपर्यंत अमरावतीत वशिंडाशिवाय चालणारा माणूस कंगाल समजला जाऊ लागला. सोयरीक बघायला आलेले पाहुणे आधी मुलाच्या बापाची पाठ बघायचे. वशिंडं मोठी होत चालली. रात्री उताणं झोपायची सोय गेली तरी कुणी कुरकुर केली नाही. एकानं दोन वशिंडं मागितली, तर झिंगराजींनी त्याला हाकलून दिलं. "उंट हाय काय तू?" म्हणाले.

आता मोठमोठ्या घरांतून बोलावणी यायला लागली. एका घरानं घोडं पाठवलं, दुसऱ्यानं मेणा. छावणीतल्या एका साहेबानंही बोलावलं. थाप बसल्यावर साहेबाचा हात बंदुकीकडं गेला होता म्हणतात, पण अंगरखा बघून तो खूश झाला आणि त्यानं तो विलायतेला धाडला. तिकडं त्याचं काय केलं देव जाणे. शेवटी थोरल्या शेठनं आपल्या पेढीवर झिंगराजींसाठी पांढरीशुभ्र गादी टाकली. गोठ्यात बसून शिवणारा माणूस लोडाला टेकून शिवू लागला.

आणि एवढं सगळं झाल्यावर हा माणूस मला काय विचारायचा, तर, "कासारबुवा, हे अकोल्याले समजलं असंल काय?"

अकोल्याला त्यांची लेक दिली होती. बयना. आई ती सहा वर्षांची असतानाच गेली. बापानं एकट्यानं वाढवली, झुलींच्या ढिगावर निजवली. तिचे सासरे सोनाजी, जातीचे शिंपीच, पण सुई टाकून कापसाचे दलाल झालेले. आता दलालाची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचा. कागद नाही, साक्ष नाही, सगळा कारभार शब्दावर. शब्द फिरवला की दलाल मेला.

लग्नाच्या दिवशी नवरदेव मांडवात आला. झिंगराजी त्याच्याभोवती फिरले, पाठीवर थाप मारली आणि भरल्या मांडवात म्हणाले, "नांगराले नाई जमनार, पण बंडीले जुपाले बरा हाय."

ते कौतुक होतं हो. त्यांच्याकडून इतकं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. पण सोनाजी लालबुंद झाले. त्यांच्या शेजारी अकोल्याचे झाडून सगळे दलाल बसलेले. त्यांच्यादेखत ते बोलून गेले, "पोरगी नेतो. पण बैलाच्या शिंप्याच्या दारी माही सून पुन्हा पाय ठेवनार नाई."

तेव्हापासून चार वर्षं बयना माहेरी आली नाही. आणि न बोलावता लेकीच्या सासरी बापानं जायची रीत नाही. मी वर्षातून तीनदा अकोल्याला जायचो, त्या घरी बांगड्या भरायचो. परत आलो की झिंगराजी आधी एकच विचारायचे, "मांगच्या खेपेची बांगडी बसली, का सैल झाली?" मी म्हणायचो बसली. एकदा सैल झाली होती, तरी बसली म्हणालो. काय करता?

म्हणजे ती गादी, तो मेणा, ते वशिंडाचं खूळ, ह्या माणसाला सगळं एवढ्यासाठीच हवं होतं. नाव इतकं मोठं व्हावं की इवायानं, म्हणजे व्याह्यानं, झक मारत बोलावणं धाडावं.

आणि ते आलं. अकोल्यात सगळ्या दलालांच्या पाठीवर झिंगराजींच्या हातचं वशिंड, फक्त सोनाजींच्या नाही. त्यांनी तिथल्याच एका शिंप्याकडून नक्कल करून घेतली, तर वशिंड घसरून खांद्यावर आलं. लोक विचारायला लागले, गळू कधी झालं? शेवटी रहीमभाई गाडीवान निरोप घेऊन आला, "इवायांनी डगला शिवाले बोलावलं हाय." पुढं मागं एक शब्द नाही.

झिंगराजींनी त्या दिवशी दोनदा आंघोळ केली. मग मला अंगणात उभं करून तासभर थाप न मारण्याचा सराव केला. जमेना. माझी पाठ सोलून निघाली. शेवटी म्हणाले, "कासारबुवा, मी उजवा हात करगोट्यात खोसून ठेवतो. तुमी संग चला, सुटला तर धरा."

गेलो. सोनाजी ओसरीवर खांबासारखे उभे. झिंगराजी एक हात कमरेला खोसून त्यांच्याभोवती फिरले. ओठ हलले, पण शब्द गिळला.

"काय म्हंता?" सोनाजींनी विचारलं.

"मापात हाय," झिंगराजी म्हणाले, आणि मी सुटलो.

तेवढ्यात बयना पाण्याचा तांब्या घेऊन आली. वाकून पाया पडली. चार वर्षांनी बापलेक समोरासमोर, आणि बोलणं काय, तर, "बरी हायस?" "हाव." तिकडं बघवेना म्हणून मी उगाच माझ्या बांगड्या मोजत बसलो.

डगला म्हणजे झिंगराजींच्या हाताला दोन दिवसांचं काम. मी आपला परत आलो. आठ दिवस झाले, झिंगराजी नाहीत. महिना झाला, नाहीत. इकडं थोरल्या शेठच्या घरी लग्न निघालं. दोनशे वऱ्हाडी, दोनशे वशिंडं. असं काम शिंप्याच्या सात जन्मांत येत नाही. निरोपांवर निरोप गेले, उत्तर एकच, "परवा येतो." दुसरा महिना सरत आला आणि नागपूरहून एक शिंपी येऊन पेढीवर घिरट्या घालायला लागला. शेठनं मला बोलावून बजावलं, "त्याले घेऊन या. नाई तर गादी गेली समजा."

मी चिडूनच अकोल्याला गेलो. ओसरीवर झिंगराजी मांडीवर डगला घेऊन बसलेले, शेजारी बयना. मी शेठचा निरोप सांगितला. त्यांनी चार टाके घातले, दोरा संपला. सुई बयनाकडं केली, म्हणाले, "ओव वं माय. डोयाले दिसत नाई आताशा."

डोळ्याला दिसत नाही! ह्या माणसानं पळत्या बैलामागं पळत सुई ओवलेली मी पाहिली आहे. मग मी नीट बघितलं. दोरा ते वीतभरच तोडत होते. चार टाक्यांत दोरा संपायचा, आणि पुन्हा सुई लेकीच्या हातात जायची. ती बोटभर पुढं सरकून ओवून द्यायची, तेवढ्यात दोन शब्द व्हायचे. लेकीला मूल झालं नव्हतं, आणि तोवर बापाला तिच्या सासरचं अन्न चालत नाही. धर्मशाळेत स्वतः भाकर भाजून खायची आणि सकाळी पुन्हा ओसरीवर यायचं. दोन महिने हेच.

ती आत गेली तेव्हा मी म्हणालो, "झिंगराजीभाऊ, गादी जाईल ना."

"जाऊ द्या. गादीवर बसून काय करू? घरी गेलो का भिताडाशी बोलतो मी, तुमाले तर आयकू येत असंल."

येत होतं. भिंत एकच आमची.

"पन आता इलाज नाई," ते म्हणाले आणि डगला उलटासुलटा करून दाखवला. "टाका घालाले जागाच नाई उरली. संध्याकायी इवाई घालून पाह्यतीन. मंग काय, मंग चाललो मी."

डगला घातला की काम संपणार, काम संपलं की तो उंबरा पुन्हा बंद. बयनालाही ते कळलं असावं. ती दाराच्या आड उभी राहिली, पुढं आली नाही.

सोनाजी बाजारातून आले. पाय धुतले. डगला चढवला. खोटं कशाला बोलू, असं शिवण मी जन्मात पाहिलं नव्हतं. वशिंड तर असं बसलं होतं की मलाही क्षणभर वाटलं, देवानंच दिलं असावं. सोनाजींनी हात वर केले, खाली केले, गुंड्या लावल्या, सोडल्या. मग दाराकडं बघितलं, आणि तिथून नजर काढायला त्यांना जरा वेळ लागला.

"काखेत धरते," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. आता हा माणूस व्याह्याला डगल्यासकट रस्त्यावर काढणार.

झिंगराजी उठले, डगल्याची काख चाचपली. तिथं चांगली दोन बोटं जागा होती. मलाही दिसत होती.

"हाव," ते हळूच म्हणाले. "धरते जराशी."

"उसवा मंग सगळा." सोनाजींनी डगला काढून त्यांच्या हातात दिला आणि पागोटं सारखं करत आत जायला वळले. "घाई नाई. मी दिवाळीले घालीन म्हंतो."

तेव्हा माघ महिना चालू होता.