हिराआत्याचा झेब्रा

त्या दिवसांत हिराआत्याची रांगोळी तुम्हाला तिच्या दारात सापडली नसती. ती भर रस्त्यात असायची. विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या फाटकापासून समोरच्या इमारतीच्या फाटकापर्यंत, जाडजूड पांढरे पट्टे. कमळ नाही, मोर नाही, नुसते पट्टे. एका हाताने झाडू उगारून ती रिक्षा अडवायची आणि दुसऱ्या हाताने पत्र्याच्या डब्यातून रांगोळी सोडायची. पट्टा सरळ यावा म्हणून मोडक्या खाटेची फळी धरायची. एखादा रिक्षावाला वैतागून म्हणायचा, "आजी, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?"

मान वर न करता उत्तर यायचं, "बापाचा नाय, सासऱ्याचा!"

हे अगदी खरं आहे. या रस्त्याच्या जागी पूर्वी आत्याच्या सासऱ्याचं घर होतं आणि मागे भातशेती. शहराच्या आराखड्यात कुणीतरी एक रेघ मारली, ती बरोबर घरावरून गेली. अलीकडची जमीन थोरल्या मुलाकडे राहिली, पलीकडची धाकट्याकडे. दोन्हीकडे इमारती झाल्या, दोघांना फ्लॅट मिळाले. आता दोघेही भाऊ हयात नाहीत. या बाजूला तळमजल्यावर थोरली जाऊ, म्हणजे हिराआत्या, आणि त्या बाजूला पहिल्या मजल्यावर धाकटी, चंपाआजी. मध्ये सासरा.

मी माण तालुक्यातला. आमच्या घरातला पहिला पदवीधर. विरारला राहायला आलो त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. सामान दारात टाकून मी नळाकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात एक म्हातारी भरलेली कळशी घेऊन आली. "पानी घे. नळाचं काय, येल तवा येल." मग तिने माझ्या पुस्तकांच्या खोक्याकडे पाहिलं. "ग्रॅज्वेट हायस?"

मी जरा अभिमानानेच हो म्हणालो. त्या दिवसापासून माझी पदवी तिची झाली. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या कळशीतल्या पाण्याचा पहिला चहा मला अजून आठवतो.

आत्याची सकाळ चंपाआजीशी भांडून सुरू होते. आत्या फाटकात, चंपाआजी गॅलरीत.

"चंपे, उठलीस का अजून लोळतंस?"

"बाय, तुमची रांगोली वाकडी हाय!"

"तुजी नजर वाकडी हाय!"

पुढच्या शिव्या वाहनं खातात. आत्याने खास राखून ठेवलेला शब्द नेमका डंपरखाली जातो, मग ती डंपरलाच शिव्या देते. रस्ता रुंद झाल्यापासून दोघी एकमेकींच्या घरी गेलेल्या नव्हत्या. चंपाआजीचे गुडघे गेले आहेत आणि इथल्या रिक्षा गुडघे बघून थांबत नाहीत. आत्या म्हणायची, "बरं झालं. सुटले तिच्या तोंडातनं."

एक दिवस तिने मला हुकूम केला, "रस्ता वलांडायला ते पट्टे असतात ना, त्याचा अर्ज लिव. आपल्या फाटकासमोर पायजेत."

"त्याला झेब्रा क्रॉसिंग म्हणतात, आत्या. झेब्रा हा एक प्राणी आहे. घोड्यासारखा, अंगावर पट्टे."

"म्हंजे चुना मारलेलं गाढव. लिव."

मी नागरिकशास्त्र आठवून पादचाऱ्यांच्या हक्कावर दोन पानं लिहिली आणि आम्ही रस्त्यांचं काम बघणाऱ्या कचेरीत गेलो. तिथले साहेब तरुण होते, नम्र होते. त्यांनी आत्याला खुर्ची दिली.

"आजी, झेब्रा क्रॉसिंग चौकात करतात. चौक तुमच्यापासून असा कितीसा लांब?"

"चौकात माजं कोन हाय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईने म्हणालो, "म्हणजे शाळेची मुलं, सर. ती फाटकासमोरूनच जातात."

"हां, पोरं!" आत्या म्हणाली. "बिचारी पोरं."

साहेब म्हणाले, विचार करू. जिना उतरताना आत्याने मलाच धीर दिला. "करतील विचार. सवय नसंल, येळ लागनार."

पण वेळ तिच्याकडे नव्हता. दुसऱ्याच दिवशी ती डबा आणि फळी घेऊन रस्त्यात उतरली.

पहिल्या सकाळी चमत्कार झाला. रिक्षा थांबल्या, टेम्पो थांबला. सकाळच्या पारी रांगोळीवरून चाक कोण घालणार? मी टाळ्या वाजवणार होतो. मग लक्षात आलं, माणसंही रांगोळीवर पाय ठेवत नाहीत. शाळेच्या मुली पट्ट्यांवरून उड्या मारत गेल्या. एका गृहस्थांनी चपला काढून नमस्कार केला आणि बाजूने गेले. गाड्यांनी रांगोळी चुकवायची, माणसांनीही चुकवायची, त्यामुळे दोघांची गाठ नेमकी रांगोळीच्या कडेला पडू लागली.

"तुडवा रे!" आत्या ओरडत होती. "बायांनो, तुडवा! मी काढलीय, मीच सांगतंय!"

कुणी तुडवेना. शेवटी तिने स्वतः पट्ट्यावर थयथय नाचून दाखवलं. एक अनोळखी बाई थांबून म्हणाल्या, "आजी, रांगोळीवर पाय? निदान वयाचा तरी विचार करा."

समोरच्या गॅलरीतून चंपाआजीचं हसू वाहनांच्या वरून ऐकू आलं.

चार-सहा दिवसांनी एका रिक्षावाल्याने हात जोडून विचारलं, "अम्मा, ये कौन सी देवी का है?"

आत्या आधीच तापलेली. "झेबरादेवीचा!"

त्याने आरशाला बांधलेला झेंडू सोडून पट्ट्यावर वाहिला. दुसऱ्या दिवशी तिथे नारळ होता. तिसऱ्या दिवशी उदबत्ती. एक बाई मुलाच्या बारावीचा नवस बोलून गेली. मग नाक्यावरच्या तरुणांनी बॅनर लावला. त्यावर देवीचा फोटो नव्हता, पण त्यांचे सगळ्यांचे होते. रस्त्याच्या मधोमध फरशीचा छोटा चौथरा बांधायचं ठरलं. टेप घेऊन मापंही घेतली.

त्या दिवशी आत्या पहिल्यांदा घाबरलेली दिसली. "अरे, देवीच मधी बसली तर मानूस जानार कुठनं? आनि देवीला ऊठ म्हनायचं कोनी?"

आम्ही पुन्हा कचेरीत. साहेब अर्जावर इतके दिवस विचार करत होते. चौथरा शब्द ऐकल्यावर त्यांनी विचार थांबवला. दुसऱ्या सकाळी रंगाची गाडी हजर, सोबत साहेब. मात्र ती चौकाकडे वळायला लागली.

आत्या आडवी आली. पण आवाज एकदम गोड. "चौकातच रंगवा, सायेब. तुमचं बरोबर हाय. देवी मात्र इथंच ऱ्हाईल. तिला मी कशी हलवू?"

साहेबांनी नारळाकडे पाहिलं. बॅनरकडे पाहिलं. टेप घेऊन उभ्या असलेल्या तरुणांकडे पाहिलं.

"इथंच मारा रे," ते म्हणाले.

रंग वाळेपर्यंत आत्या झाडू घेऊन पहाऱ्याला बसली. मग तिने नारळ फोडला, तरुणांना, साहेबांना आणि रंगाऱ्यांना वाटला. देवीचं विसर्जन झालं. बॅनर मात्र अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकात उभा राहिलो. आपल्या दोन पानी अर्जावरून शाळेची पोरं कशी जातात ते मला बघायचं होतं. रविवार आहे हे मी विसरलो होतो. रस्त्यावर एक पोर नव्हतं. आत्या तेवढी होती. धुतलेलं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर. ती रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत गेली आणि बऱ्याच वेळाने चंपाआजीला हाताला धरून बाहेर आली. गॅलरीच्या कठड्याखालची चंपाआजी मी त्या दिवशी प्रथमच पाहिली.

"हळू चाल, म्हशी. रस्ता पळत नाय."

"तुमीच ओढताय, बाय."

रस्त्याच्या मध्यावर दोघी थांबल्या. मला वाटलं गुडघा अडला, मी धावत गेलो. चंपाआजी काठीने डांबराकडे दाखवत होती.

"बाय, इथं आपली चूल."

"इथं उखळ. चूल तिथं, त्या रिक्षाच्या खाली."

"माजा हात भाजला तिथं, तो मना ठावं नाय?"

"आनि त्याला मध कोनी लावला?"

दोन्ही बाजूंना वाहनांची रांग लागली. सगळे हॉर्न एकदम सुरू झाले. पुढच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढलं. "ओ आजी, उभ्या काय राहिलात? घर आहे का तुमचं हे?"

मी आत्याकडे पाहिलं. आता सासरा निघणार. पण चंपाआजी तिच्या पुढे सरकली.

"व्हतं," चंपाआजी म्हणाली.

रिक्षावाल्याचा हात हॉर्नवरून निघाला.

"जरा मागं घे, बाबा," आत्या त्याला हळूच म्हणाली. "चुलीवर उभा हायस."

त्याने रिक्षा मागे घेतली. मग दोघी निघाल्या, चुलीच्या दोन्ही जागांना वळसा घालून, कारण वाद अजून मिटला नव्हता.