वाढलेलं पान

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत काही फुटल्याचा आवाज झाला, की शेवटच्या खोलीतल्या दुर्गामावशी त्या दारात हजर. "टाकू नका, द्या इकडे. मोडलंय, मेलेलं नाही!" काच तेवढी त्या घेत नसत. चेपलेले डबे, विस्कटलेली सुपं, करवंट्या, गोणपाटं सगळं चाळीमागच्या चिंचेखाली जायचं आणि शाळेत न जाणारी चिल्लीपिल्ली दिवसभर त्यात असायची.

एकच डबा सकाळी तबला, दुपारी घागर, संध्याकाळी आगगाडी. मी एकदा हौसेने विकतची बाहुली आणली, तर मावशी म्हणाल्या, "हिला जन्मभर बाहुलीच राहावं लागणार, बिचारीला!" पोरं मळतात म्हणून बायकांनी कुरकुर केली, की ठरलेलं उत्तर, "मळतात, नासत नाहीत."

चाळीचे मालक जोगळेकर ठाण्याला राहायचे. एका रविवारी ते दोन हमाल घेऊनच आले. "हा उकिरडा उचला. इथे फरशी घालायचीय."

"हात लावून तर बघा!" मावशी पदर खोचून आडव्या आल्या.

"मावशी, खोली माझी आहे, विसरू नका!"

"मग खोली घ्या. हे मिळायचं नाही!"

झाडाखाली तेव्हा पोरांची जेवणावळ चालली होती. चार वर्षांच्या चिंगीला भांडणाशी काय घेणं? तिने मालकांपुढे बदामाचं पान मांडलं, करवंटीने चिखलाचा भात वाढला आणि म्हणाली, "बसा." मालक वळले.

"वाढलेल्या पानाकडे पाठ फिरवता?" मावशी कडाडल्या. "कुठल्या घरची रीत ही?"

मालक रीतीभातीचे पक्के, वर गॅलरीभर आम्ही. बसले बिचारे विटेवर. आणि जन्माची सवय! हात आपोआप पानाभोवती फिरला आणि त्यांनी चिखलाच्या भाताच्या चित्राहुती घातल्या. गॅलरी खो खो हसली. शेवटी तेही हसले. "फरशीचं पुढे बघू," म्हणत त्यांनी हमालांना परत पाठवलं.

संध्याकाळी मी विचारलं, "मावशी, खरंच खोली काढून घेतली असती तर?"

"दिली असती." मग म्हणाल्या, "आमचे हे गेल्यापासून माझं पान मीच घेते रे. हल्ली तर पातेल्यातच जेवते. 'चला, पान वाढलंय' म्हणून मला बोलावणारं या चिंचेखालीच आहे."



"मावशी, या ना! भात निवतोय!" चिंगी ओरडली.

"आले गं बाई, आले," म्हणत मावशी हात धुवायला धावल्या.