राणीचं कुंकू

आबासाहेब चारला येणार होते, आणि गुरुसिद्धप्पा जेवून उठले तेव्हा कपाटातल्या व्हिक्टोरिया राणीच्या कपाळावर हळदकुंकू होतं.

राणी म्हणजे वीतभर उंचीचा अर्धपुतळा. पांढऱ्या चिनी मातीचा, पण झिलई नसलेला; दिसायला संगमरवरासारखा, आणि डाग पडला की धरून बसणारा. सुताचं दुकान सांभाळून गुरुसिद्धप्पांनी अशा कपाटभर राजेराण्या जमवल्या होत्या. या राणीच्या जोडीचा नवरा, आल्बर्ट, आबासाहेबांकडे होता. आबासाहेबही असेच पुतळे जमवणारे; त्यांना मूलबाळ नव्हतं. जिथं नीट निगा राहील त्याच घरी आल्बर्ट द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. आज ते ती निगा बघायला येणार होते.

"अक्का, हे तू केलंस?"

दुधनीहून आदल्या दिवशी आलेल्या थोरल्या बहिणीने, ईरम्माने, मान डोलावली. "व्हय. बाईमाणूस, आन् कपाळ मोकळं. बरं दिसंना."

गुरुसिद्धप्पांच्या बायकोने, हेमावतीने, राणीला मोरीत नेऊन साबण लावला. साबणाने हळद लाल होते हे घाईत तिच्या ध्यानातच आलं नाही. राणीचं कपाळ, नाक आणि एक गाल लालभडक झाला.

"कुनीतरी थोबाडीत दिल्यागत दिसतीया," ईरम्मा म्हणाली.

लिंबू चोळलं. लाल होतं ते पुन्हा पिवळं झालं आणि हनुवटीपर्यंत उतरलं.

"उन्हात ठेवा," हेमावती रडकुंडीला येऊन म्हणाली. "हळद उन्हानं उडती."

सोलापूरचं वैशाखातलं ऊन. गुरुसिद्धप्पा डोक्यावर ओला पंचा घेऊन गच्चीत राणीशेजारी बसले आणि तिचा एकेक गाल उन्हाकडे फिरवत राहिले. पिवळेपणा खरंच विरत गेला. कुंकवाचा ठिपका मात्र जागचा हलेना.

खाली कडी वाजली. गुरुसिद्धप्पांनी घाईघाईने राणीला खाली आणून कपाटात ठेवलं.

आबासाहेबांनी आपली पेटी टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. राणीला उचलून खिडकीशी नेलं. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"हे काय?"

"कुंकू," गुरुसिद्धप्पा कसेबसे म्हणाले.

"ही बाई विधवा होती, गुरुसिद्धप्पा. नवरा गेल्यावर जन्मभर काळे कपडे घातले तिनं." आबासाहेबांनी पेटीचा पट्टा आवळला.

दारातून ईरम्माने विचारलं, "नवरा कुटं हाय तिचा?"

"हा काय, पेटीत."

"मग काढा की भायेर. त्याला तुमी कोंडून ठेवलाय, आन् विधवा तिला म्हन्ताय."

गुरुसिद्धप्पांनी डोळे मिटून घेतले. हेमावतीने आणलेला चहा निवून गेला. शेवटी आबासाहेबांनी पट्टा सोडला, आल्बर्टला बाहेर काढून राणीशेजारी ठेवलं आणि जरासं तिच्याकडे सरकवलं.

"कुंकू राहू द्या," ते म्हणाले, आणि रिकामी पेटी घेऊन उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुसिद्धप्पांनी आल्बर्टच्या कपाळावरून सहज बोट फिरवलं, तर बोटाला विभूती लागली. पांढऱ्यावर पांढरी, त्यामुळे दिसली नव्हती. त्यांनी देवघराकडे पाहिलं. ईरम्मा डोळे मिटून पूजेला बसली होती.

त्यांनी ते बोट स्वतःच्या कपाळावर ओढलं आणि दुकानाला निघाले.