मामांनी खुर्ची सोडविली त्याचे वर्तमान

पुढील पिढ्यांस ठावे असावे म्हणोन घडले तैसे लिहितों. इस्पितळांत तळमजल्यावर राजमान्य आजोबा पाय मोडोन मुक्कामास होते, आणि त्यांचे कुटुंब आजीबाई वरल्या मजल्यावर पित्ताशयाचे ऑपरेशनास सिद्ध जाहल्या होत्या, आणि उभयतांची गांठ पडली नव्हती. सबब आजोबांनी सकाळीच हुकूम फर्माविला की, ती आंत जाण्याअगोदर आम्ही भेटणार म्हणजे भेटणार. तो शिरसावंद्य मानून, रुग्णांस इकडून तिकडे नेणारे वॉर्डमामा चाकांची खुर्ची आणावयास निघाले.

तों वर्तमान कळले की, धड चाकांची एकुलती खुर्ची मुदपाकखान्याने काबीज करोन तीवर बटाट्यांचे पोते बसविले आहे. पोते मोठ्या ऐटीत टेकून बसले होते. मामांची तळपायाची आग मस्तकीं गेली, परंतु स्वयंपाकीणबाई मातबर, आणि हातीं झारा. मग मामांनी तह केला, आणि पोते आपले पाठीवर घेवोन कोठारांत पोंचविले, आणि कंबर धरोन खुर्ची सोडविली.

मग आजोबांची स्वारी आरूढ होवोन लिफ्टेपाशी आली, तों आंत भेटीस आलेल्या नातलगांची फौज ठासून भरलेली, आणि कोणी तसूभर हलेना. प्रसंग बाका. तेव्हां मामांनी ललकारी दिली, "सरका, सरका, यांना उलटी होतेय!" ऐशी दाणादाण उडाली की पुसूं नये. ही आमची बदनामी आहे, ऐसे आजोबांनी फर्माविले. मामांनी ते कबूल केले आणि बटण दाबले.

वर पोंचतां आजीबाईंची ट्रॉली ऑपरेशनघरांत शिरतच होती. मामांनी धापा टाकीत खुर्ची तिला नेवोन भिडविली. आजोबांनी वाटेने मोठे भाषण जुळविले होते, ते मनांतच राहिले. नुसता हात पुढे केला. तो आजीबाईंनी घट्ट धरिला, आणि मग त्यांची नजर सदऱ्यावर गेली.

"बटणं वरखाली लावलीत. असेच आलात सगळ्यांसमोरून?"

आणि पडल्या पडल्या त्यांनी एकेक बटण सोडोन नीट लाविले, आणि कोणासाठी न थांबणाऱ्या सिस्टरबाई छताकडे पाहत उभ्या राहिल्या.

सायंकाळीं आजीबाई सुखरूप शुद्धीवर आल्या, आणि मामांकरवी निरोप धाडिला की, मी बरी आहे, तुम्ही उगीच हिंडूं नका. तो ऐकोन आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरविले, ते बराच वेळ इकडे केले नाही. मामांनीही खिडकीबाहेर पाहिले. येणेंप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जायबंदी जाहली ती मामांची कंबर. इति नमूद असे.